ओल कोणाची, जबाबदारी कोणाची?



आपल्यातील अनेक कुटुंबे भाड्याच्या घरात राहतात. शिक्षणासाठी शहरात आलेली मुले एकेका खोलीत तिघे-चौघे राहतात. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, रंगाचे पोपडे निघतात, कोपऱ्यात काळी बुरशी धरते. मग वाद सुरू होतो. घरमालक म्हणतो, "तुम्ही खिडक्या उघडत नाही, ओले कपडे घरात वाळत घालता." भाडेकरू म्हणतो, "तुमची गच्ची गळते." वाद चालू राहतो आणि बुरशी वाढत राहते.

हा प्रश्न केवळ भिंतीच्या शोभेचा नाही. ओलसर, बुरशीच्या घरात खोकला, दमा व श्वसनाचे विकार बळावतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली नमूद केले आहे. इंग्लंडमधील रॉचडेल येथे अवाब इशाक हे दोन वर्षांचे बालक डिसेंबर २०२० मध्ये दगावले. घरातील बुरशीबद्दल वडिलांनी २०१७ सालीच तक्रार केली होती. तेव्हा त्यांना वरून रंग मारण्यास सांगण्यात आले. मृत्यूचे कारण घरातील बुरशीच होती, असा निष्कर्ष २०२२ च्या चौकशीत निघाला. त्यानंतर तेथे कायदा झाला. २७ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधील सामाजिक गृहसंस्थांना गंभीर ओलीच्या तक्रारीची तपासणी कामाच्या १० दिवसांत करणे बंधनकारक आहे.

आपल्याकडे बुरशीसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, करारात उलट काही ठरलेले नसल्यास घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात ही रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा अधिक असता कामा नये.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे संरक्षण 'भाडेकरूं'साठी आहे. आज बहुतेकजण ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहतात. त्यांच्या बाबतीत करारात काय लिहिले आहे यालाच महत्त्व येते. म्हणून गळती व ओलीची दुरुस्ती कोणी करावयाची, हे सही करण्यापूर्वीच करारात लिहून घ्यावे. करार लेखी व नोंदणीकृत असावा, असे कलम ५५ सांगते आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकते.

आता जबाबदारी ठरवायची कशी? पाणी कोठून येते ते पाहावे. बाहेरची भिंत पावसाळ्यातच ओली होत असेल, तर बहुधा प्लास्टरला भेगा असतात. वरच्या मजल्याच्या मोरीखाली बारा महिने डाग दिसत असेल, तर बहुधा पाइप गळत असतो. ही कामे भाडेकरूच्या हातातली नव्हेत. परंतु कपाटामागे किंवा बंद न्हाणीघराच्या छतावरच बुरशी असेल, तर वाफ व कोंदटपणा हे कारण असू शकते. तेव्हा खिडक्या उघडाव्यात, कपाट भिंतीपासून थोडे दूर ठेवावे, बुरशी साबणाच्या पाण्याने पुसून जागा कोरडी करावी. मात्र त्या खोलीला मुळी खिडकीच नसेल, तर दोष राहणाऱ्याचा कसा म्हणावा? आणि कारण दूर न करता वरून रंग मारणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे होय.

आम्ही बँकेत काम करणारी माणसे. नोंद नाही तो व्यवहार आम्ही मानत नाही. घराच्या बाबतीतही तेच करावे. घर ताब्यात घेताना भिंतींचे फोटो काढावेत. ओल दिसताच तारीख घालून लेखी कळवावे, प्रत जपून ठेवावी. तोंडी तक्रार हवेत विरते. डिपॉझिट परत घेण्याच्या वेळी तर हाच कागद उपयोगी पडतो.

आपल्यातही काही सभासदांनी कर्ज काढून घर घेतले आहे आणि ते भाड्याने दिले आहे. त्यांनाही आमची विनंती आहे. भाडेकरूची तक्रार म्हणजे भांडण समजू नका. गळती वेळीच थांबवली तर भिंत वाचते, आणि त्या घरात वाढणारे मूलही मोकळा श्वास घेते.

जयभीम!