ध्यानकाळचे अनाहूत विचार

डोळे मिटून आसनावर बसावें, तोंच वाण्याचा हिशेब, जुनें भांडण, उद्यांची चिंता मनांत गर्दी करूं लागते. ‘हें आपलें काम नव्हे’ असें म्हणून कित्येकजण आसन गुंडाळून ठेवतात.

परंतु मनाशीं झुंज घेणेंच व्यर्थ होय. १९८७ सालीं डॅनियल वेग्नर ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं विद्यार्थ्यांस सांगितलें, ‘पांच मिनिटें पांढऱ्या अस्वलाचा विचार करूं नका, आलाच तर घंटा वाजवा.’ घंटा पुनःपुन्हां वाजली! विचार आला कीं काय, हें पाहण्यासाठीं मनाला त्याचीच आठवण ठेवावी लागते.

मग करावें काय? विचार आला, एवढें ओळखावें. त्यास हांकलूं नये, त्याच्यामागें जाऊंही नये. लक्ष हळूच श्वासावर आणावें. गीतेच्या सहाव्या अध्यायांत मन आवरण्यासाठीं अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय सांगितले आहेत. येथें वैराग्य म्हणजे विचाराशीं स्नेह नको आणि वैरही नको. अभ्यास म्हणजे शंभर वेळां भटकलेलें मन शंभर वेळां परत आणणें. हें परत आणणें ध्यानाबाहेरचें नाहीं. तेंच ध्यान होय. तेव्हां गुंडाळलेलें आसन उद्यां पहांटे पुन्हां उलगडावें, एवढीच विनंती.