जुन्या ओळीवर नवा जिल्हा लिहू नका

वणी तालुक्यातल्या, कोळशाच्या आणि चुन्याच्या या राजूरमध्ये आपलं डेटा वेअरहाउसवाल्यांचं संमेलन भरलं आहे. अध्यक्षाने आढावा घ्यायचा असतो, तो थोडक्यात घेतो. साठवण स्वस्त झाली, स्तंभनिहाय डेटाबेसमुळे अब्जावधी ओळींची बेरीज सेकंदांत होऊ लागली, आणि डेटा वेअरहाउस कसं रचावं यावरचा ‘इनमन की किंबॉल’ हा १९९० च्या दशकातला वाद अजून चालूच आहे.

रचना कुठलीही निवडा: स्टार स्कीमा घ्या, डेटा व्हॉल्ट घ्या, नाहीतर सगळं जोडून एकच रुंद टेबल करा. आधी एवढं सांगा, की तुमच्या फॅक्ट टेबलमधली एक ओळ म्हणजे नेमकं काय? वजनकाट्यावर ट्रक येतो. गाडी नंबर, रिकामं वजन, भरलेलं वजन, वेळ. ती पावती म्हणजे एक ओळ. ‘दिवसाची बेरीज ठेवू, जागा वाचेल’ म्हणणारे मला आयुष्यभर भेटले. पावत्यांची बेरीज केव्हाही होते. बेरजेतून एका गाडीची तूट कुणी काढून दाखवावी!

पण माझं खरं दुखणं वेगळं आहे, आणि ते बोलायला मी बरीच वर्षं थांबलो. आपण इतिहास पुसतो. राजूर जागचं हललेलं नाही, तरी त्याचा जिल्हा एकेकाळी ‘वणी’ होता. १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडला, पुसद इकडे आलं आणि जिल्ह्याचं नाव यवतमाळ झालं. १९०१ आणि १९११ च्या शिरगणतीचे जिल्हावार आकडे नुसते शेजारी ठेवले, तर पुसदची सगळी वस्ती जणू दहा वर्षांत उगवली असं दिसेल. पुढे १९९८ मध्ये वाशीम पुन्हा जिल्हा झाला. मग तुमच्या कोष्टकातलं ‘वाशीम’ कुठलं?

२०१४ मध्ये ठाण्यातून पालघर वेगळा झाला, तेव्हा मी एका कंपनीचं काम पाहत होतो. तिथल्या मंडळींनी तालुक्यांच्या जुन्या ओळींवरच नवा जिल्हा लिहिला. दुसऱ्या दिवशी ठाण्याची २०१३ ची विक्री घसरलेली! ज्यांनी ती विक्री केली होती, त्यांनाच जाब विचारला गेला. ते मला आजही सहन होत नाही.

रुंद टेबलवाले तरुण मित्र म्हणतील, आमच्याकडे प्रत्येक ओळीत त्या वेळचा जिल्हा असतो. मान्य. पण जुनी विक्री आजच्या जिल्ह्यांनुसार मागितली, की अब्जावधी ओळी पुन्हा लिहायला बसाल. स्थळाचं कोष्टक वेगळं ठेवा, प्रत्येक बदलाला नवी ओळ द्या, ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ लिहा, आणि तालुक्याचा मूळ कोड कायम ठेवा. मग तेव्हाचा हिशेबही मिळतो, आजचाही. आपला सातबारा पाहा. जुन्या खातेदाराच्या नावाला कंस होतो आणि शेजारी फेरफाराचा नंबर येतो. जमीन कुणाकडून कुणाकडे गेली, ते फेरफार नोंदवहीत सापडतं. तलाठ्याला जे कळलं, ते आपल्या आर्किटेक्टांना का कळू नये?

महाराष्ट्रातल्या गाव-तालुका-जिल्ह्यांचं असं तारीखवार कोष्टक आपण सर्वांनी मिळून करावं आणि ते सर्वांसाठी खुलं ठेवावं. काम मोठं आहे. कुणी काय करायचं, ते जेवणानंतर बसून ठरवू. सुरुवात वणी तालुक्यापासून करावी, अशी माझी सूचना आहे.