रोगट पानाचा फोटो पाठविताना
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



गेल्या हंगामात एका मिरची उत्पादकाने मला मोबाइलवर फोटो पाठविला. पाने चुरडली होती. फोटो मोठा करून पाहिला, तर नुसते पुसट हिरवे चौकोन! मी अंदाजाने फुलकिड्यांसाठी फवारणी सांगितली. चार दिवसांनी शेतावर गेलो, भिंगातून पाहिले, तर कोळी निघाले. फवारणीचा खर्च वाया गेला. पुसट फोटोवर सल्ला दिला, ही चूक माझीच. फुलकिड्यांमुळे पानाच्या कडा वर वळतात, कोळ्यांमुळे खाली. तेवढे दिसले असते तरी निदान चुकले नसते.

असे का होते? फोटो हा बारीक चित्रबिंदूंचा, म्हणजे पिक्सेलचा बनतो. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत ४००० × ३००० म्हणजे १ कोटी २० लाख बिंदू असतात. प्रत्येकाच्या रंगाला ३ बाइट धरल्यास ३६ एमबी जागा लागेल. प्रत्यक्षात मोबाइलमधील फाइल साधारण ३ ते ५ एमबीची असते, कारण जेपेग पद्धतीने ती दाबलेली असते.

कापसाची गाठ सोडली की सगळा कापूस परत मिळतो. झिप फाइलचे तसेच आहे. जेपेगचे काम मात्र चाळणीसारखे आहे. ८ × ८ बिंदूंचे चौकोन करून, डोळ्याला सहसा न जाणवणारे बारीक फरक त्यातून गाळले जातात. गाळलेले परत येत नाही. फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठविला की मोबाइल बिंदूही कमी करतो आणि पुन्हा चाळतो.

आता हिशेब पाहू. फोटोच्या रुंदीत ८० सेंटिमीटर शेत आले, तर ४००० बिंदूंपैकी १ मिलिमीटरला ५ बिंदू येतात. पाठविताना रुंदी १६०० बिंदू झाली, तर उरतात २. फुलकिडा असतो साधारण १ मिलिमीटर लांब! तोच फोटो जवळून, १० सेंटिमीटर रुंदीत घेतला, तर पाठविल्यावरही १६ बिंदू उरतात. म्हणजे फाइल किती एमबीची यापेक्षा रोगट भागावर किती बिंदू पडले, हे महत्त्वाचे.

म्हणून पुढील काळजी घ्यावी :

१) एक फोटो पूर्ण झाडाचा, एक पानाच्या वरच्या बाजूचा व एक खालच्या बाजूचा घ्यावा.
२) झूम न करता मोबाइल जवळ न्यावा. फार जवळ नेल्याने फोटो पुसट येत असल्यास थोडा मागे घ्यावा.
३) व्हॉट्सॲपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. मूळ फाइल तशीच जाते.
४) स्क्रीनशॉट पाठवू नये.
५) रेंज कमी असल्यास पानाभोवतीचा नको असलेला भाग कापून फाइल लहान करावी.

एवढे करूनही शंका राहिली, तर फवारणीपूर्वी पान घेऊन तज्ज्ञांकडे जावे.