सलामीच्या सामन्याआधीचा हिशेब : कबड्डीचा प्रेक्षक आणि त्याचे डावपेच

मुंबई आणि पुणे या दोन शहरांच्या संघांत सामना ठरला की कर्जत-खालापूर परिसरातील कबड्डीप्रेमींची विभागणी होते, आणि ती भूगोलाला धरूनच होते. कर्जत हे मुंबईच्या उपनगरी गाड्यांचे शेवटच्या टप्प्यातील स्थानक असून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना बोरघाट चढण्यासाठी जादा इंजिने येथेच जोडली जातात. द्रुतगती मार्गावरील खालापूरचा टोलनाकाही याच दोन शहरांमधल्या वाहतुकीचा. नोकरीनिमित्त रोज मुंबईकडे जाणारा आणि नात्यागोत्याने किंवा शिक्षणाने पुण्याशी बांधला गेलेला, असे दोन्ही प्रकारचे लोक एकाच गावात, पुष्कळदा एकाच घरात राहतात. त्यामुळे प्रो कबड्डी लीगमध्ये 'यू मुंबा' आणि 'पुणेरी पलटण' समोरासमोर येतात, तेव्हा या भागात निष्ठेचा प्रश्न आपोआप सुटत नाही. तो वादाने, म्हणजे कोणाची बाजू खेळाच्या दृष्टीने भक्कम आहे हे पटवून देऊन सोडवावा लागतो. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हा वादच आहे. हंगामाच्या सलामीच्या सामन्याआधी, कोणताही संघ एकदाही मैदानात उतरलेला नसताना, प्रेक्षक कशाच्या आधारावर डावपेचांचा अंदाज बांधतो, त्यातील किती भाग टिकतो आणि किती ढासळतो, याचा येथे विचार केला आहे.

प्रेक्षकांच्या अशा चर्चेला रिकामटेकड्यांच्या गप्पा मानण्याची प्रथा आहे, पण ती न्याय्य नाही. कोल्हापुरात पाटाकडील तालीम मंडळ आणि खंडोबा तालीम मंडळ यांचा फुटबॉल सामना शाहू स्टेडियमवर ठरला की पेठापेठांत मधल्या फळीपासून गोलरक्षकापर्यंत प्रत्येक जागेची चिकित्सा होते, आणि कोलकात्यात मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल या सामन्याआधी तेच घडते. ज्या गावात खेळ पिढ्यानपिढ्या खेळला जातो, तेथील प्रेक्षक हा बहुधा कालचा खेळाडू असतो. रायगड जिल्ह्यात कबड्डीचे स्थान नेमके असे आहे. येथे सामना पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांनी कधी ना कधी दम धरून समोरच्या अंगणात पाऊल टाकलेले असते, घोट्याला बसलेली पकड काय असते हे त्यांच्या पायाला ठाऊक असते, आणि म्हणून त्यांचे मत त्यांच्या शरीराच्या स्मृतीतून आलेले असते.

या स्मृतीचा शेतीशी जवळचा संबंध आहे. कर्जत हे भाताचे क्षेत्र असून येथील भात संशोधन केंद्राच्या वाणांना गावाचेच नाव मिळालेले आहे. पावसाळ्यात आवणी, म्हणजे रोपांची लावणी, चालू असताना मैदानी खेळ थांबतो. पीक कापून झोडणी उरकली आणि जमीन कोरडी पडली की खाचरांत किंवा देवळापुढच्या मोकळ्या जागेत फक्कीच्या रेषा आखल्या जातात, दिवे लागतात आणि रात्रीचे सामने सुरू होतात. गावोगावच्या मंडळांचे संघ एकमेकांचे खेळाडू नावानिशी ओळखतात. कोणाचा गुडघा दुखावलेला आहे, कोण घाईने पकडीत शिरतो, कोण पंचाकडे पाहून खेळतो, हे ज्ञान गावच्या सामन्याआधीच्या चर्चेत भांडवल म्हणून वापरले जाते. लीगचा प्रेक्षक हीच सवय घेऊन दूरचित्रवाणीसमोर बसतो, मात्र तेथे त्याला एक मोठी अडचण येते. लीगमधील संघ लिलावाने घडतात, गेल्या वर्षीचा आपला खेळाडू यंदा समोरच्या बाजूला उभा असतो, आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी ओळखीचे असते ते केवळ एकेका खेळाडूचे कसब. त्या सात जणांचे एकत्र खेळणे अजून कोणी पाहिलेले नसते.

हिशेब समजण्यासाठी मैदानाची मापे ध्यानात घ्यावी लागतात. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते आणि मध्यरेषा त्याचे साडेसहा मीटरचे दोन भाग करते. दोन्ही कडांना एकेक मीटरची लॉबी असते, जी झटापट झाल्याशिवाय मैदानात धरली जात नाही. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा असते. चढाईपटूने, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात जाणाऱ्याने, गडी बाद केला नसेल तर ही रेषा ओलांडल्याशिवाय परतायचे नसते, नाहीतर तो स्वतःच बाद होतो. तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा असते, आणि समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच ती ओलांडण्याचा एक गुण मिळतो. बचावात तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना त्यांनी चढाईपटूला पकडले तर एक जादा गुण मिळतो, त्याला अव्वल पकड म्हणतात. आणि सगळा संघ बाद झाला की लोण चढतो, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला दोन जादा गुण मिळून बाद झालेले सातही गडी पुन्हा आत येतात. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्यास तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, अन्यथा चढाईपटू बाद ठरतो.

या नियमांमुळे मैदानावरील गड्यांची संख्या हीच डावपेचांची किल्ली होते, आणि जाणता प्रेक्षक गुणफलकाच्या आधी गडी मोजतो. सात किंवा सहा गडी असताना बोनसचे दार उघडे असते, म्हणून बचावाला पुढे सरकून ते अडवावे लागते आणि पुढे सरकले की पाठीमागची जागा मोकळी पडते. पाचांवर संख्या आली की बोनस बंद होतो आणि बचाव मागे राहून वाट पाहू शकतो. तिनांवर आली की दुबळी बाजू एकाएकी धोकादायक होते. हा तिसरा टप्पा अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे. समजा, एका संघाचे तीनच गडी उरले आहेत आणि आघाडीवर असलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या आहेत. तिसऱ्या चढाईला येणाऱ्याला गुण घेतल्याशिवाय परतता येत नाही, त्यामुळे तो खोल शिरतो. दोन्ही कोपरे, म्हणजे टोकांचे बचावपटू, मुद्दाम मागे सरकून त्याला आणखी आत घेतात, मधला गडी हात आखडून उभा राहतो, आणि चढाईपटूचा पाय बोटभर जास्त लांबला की एक कोपरा घोट्यावर झेपावतो व दुसरा कमरेला भिडतो. ३० सेकंदांच्या चढाईतील शेवटच्या चार-पाच सेकंदांत हे घडते, दोन गुण मिळतात आणि बाहेरचा एक गडी आत येतो. मुरलेला संघ ही वेळ नशिबावर सोडत नाही, स्वतःच्या चढाया धीम्या ठेवून प्रतिस्पर्ध्याला तिसऱ्या चढाईपर्यंत आणून तो ती घडवतो. गावच्या प्रेक्षकाला हे डोळ्यांनी कळते, म्हणूनच त्याच्या चर्चेत 'तीन गडी झाल्यावर कोण राहतील' हा प्रश्न 'पहिली चढाई कोण करील' या प्रश्नाच्या आधी येतो.

याला जोडून येणारा प्रश्न क्रमाचा आहे. जुन्या काळी या खेळाचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार खेळले जात. संजीवनीत बाद गडी पुन्हा जिवंत होई, गामिनीत तो सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही, आणि अमरमध्ये बाद होऊनही मैदान सोडत नसे. आजच्या खेळाने संजीवनीचे तत्त्व स्वीकारले आहे, पण त्याला शिस्त आहे : जो आधी बाद झाला तोच आधी आत येतो. म्हणजे मुख्य चढाईपटूला आत आणायचे असेल तर त्याच्या आधी कोणकोण बाहेर आहे आणि आतल्या उरलेल्यांपैकी गुण कोण आणील, हे पाहावे लागते. सगळी भिस्त एकाच चढाईपटूवर असलेला संघ यामुळेच अडचणीत येतो. तो बाहेर असताना दुसरा आणि तिसरा चढाईपटू किती तग धरतात, यावर सामना फिरतो. याच विचाराचा पुढचा, आणि वादाला सर्वांत जास्त खाद्य पुरवणारा भाग म्हणजे लोण टाळायचा की घेऊन मोकळे व्हायचे. एकटा गडी उरलेला असताना त्याने वेळ काढत राहावे, की दोन गुणांची किंमत मोजून सातही गडी ताजे मिळवावेत? सामन्याची बरीच मिनिटे शिल्लक असतील तर दुसरा मार्ग शहाणपणाचा असतो. शेवटच्या पाच मिनिटांत तोच आत्मघात ठरतो. प्रेक्षकांपैकी जे स्वतः खेळलेले नाहीत त्यांना लोण नेहमीच नामुष्की वाटते, आणि खेळलेल्यांशी त्यांचे सर्वाधिक मतभेद येथे होतात.

बचावाची रचना दोन कोपरे, दोन इन, दोन कव्हर आणि एक मध्य अशी असते. तरुण मंडळी हे शब्द असेच वापरतात. चढाईपटू आणि बचाव एकमेकांसमोर तोंड करून उभे असल्यामुळे चढाईपटूच्या उजव्या हाताला बचावाचा डावा कोपरा येतो, आणि म्हणून सामन्याआधीचा अंदाज हा खरे तर जोड्या लावण्याचा उद्योग असतो : उजवीकडे झुकणारा चढाईपटू कोणत्या डाव्या कोपऱ्याला भिडणार? इराणचा फझल अत्राचली हा डाव्या कोपऱ्याचा खेळाडू २०१८ च्या लिलावात एक कोटी रुपयांना 'यू मुंबा'कडे आला, तेव्हा चढाईपटूंचाच बोलबाला असलेल्या या खेळात पकडीची किंमत प्रथमच इतक्या स्पष्टपणे आकड्यात दिसली. तथापि कोपरा एकटा सामना जिंकत नाही. त्याने घोटा धरला आणि बाजूचा कव्हर अर्धा क्षण उशिरा आला तर चढाईपटू लांब हात टाकून मध्यरेषा गाठतो आणि एकाऐवजी दोन गडी घेऊन जातो. हा समन्वय सरावाने येतो, पैशाने विकत मिळत नाही. हंगामाच्या पहिल्या सामन्यात तो कच्चा असण्याचा संभव सर्वाधिक, आणि सलामीच्या सामन्याचा विचार चढाईपटूंच्या नावांनी नव्हे तर बचावाच्या ओळखीने करावा, हे प्रस्तुत विवेचनाचे मुख्य म्हणणे आहे.

त्यासाठी दोन सामने पाहता येतात. 'यू मुंबा' संघ लीगच्या पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरीत होता आणि २०१५ साली बंगळुरू बुल्सला ३६-३० असे हरवून त्याने विजेतेपदही मिळवले. पुणेरी पलटण मात्र पहिल्या दोन हंगामांत तळाच्या भागात राहिली. या इतिहासामुळे २८ जुलै २०१७ रोजी पाचव्या हंगामाच्या पहिल्याच दिवशी हैदराबादेत हे दोन संघ समोरासमोर आले, तेव्हा नावांच्या वजनाने मुंबईचे पारडे जड वाटणे साहजिक होते. अनुप कुमारसारखा बोनस घेण्यात मुरलेला कर्णधार, सांगली जिल्ह्यातील कासेगावचा काशिलिंग आडके आणि त्याच जिल्ह्याचा नितीन मदने, अशी चढाईची फळी मुंबईकडे होती. पुण्याकडे धर्मराज चेरालथन, संदीप नरवाल आणि गिरीश एरनाक असा बचाव होता, आणि ज्यांनी ही तीन नावे आधी वाचली त्यांचा अंदाज बरोबर आला : पुण्याने ३३-२१ असा विजय मिळवला. चढाईपटूंची अशी फळी असूनही मुंबईचे गुण २१ वर थांबले, यातच बचावाचे मोल कळते. कर्जतकडे त्या वेळी आवणीचे दिवस होते, आणि दिवसभर चिखलात वाकून राहिलेल्या माणसांनी रात्री या सामन्याची चिरफाड करावी, हे त्या खेळाविषयीच्या आस्थेचे द्योतक मानले पाहिजे.

दुसरा सामना या सिद्धान्ताला तितका अनुकूल नाही, आणि म्हणून तो अधिक मोलाचा आहे. ७ ऑक्टोबर २०१८ रोजी, सहाव्या हंगामाच्या पहिल्याच दिवशी चेन्नईत पुन्हा हीच जोडी आली. मुंबईचा बचाव आता फझलच्या हाती होता, तेव्हा बचावावरून अंदाज बांधणाऱ्यांनी मुंबईला कौल द्यायला हवा होता. प्रत्यक्षात सामना ३२-३२ असा बरोबरीत सुटला. पुण्याची चढाई नितीन तोमरने पेलली, आणि मुंबईकडून चढाईचा भार उचलला तो कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याच्या सिद्धार्थ देसाई या नवोदिताने, जो त्या दिवशी लीगमध्ये पदार्पण करत होता. पुढच्याच वर्षी त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख रुपयांची बोली लागली, पण सलामीच्या आदल्या दिवशी त्याचे नाव कोणाच्याही हिशेबात प्रमुख असण्याचे कारण नव्हते. पहिल्या सामन्याची ही मर्यादा मान्य करावी लागते : बचावाचा अंदाज अनुभवाने बांधता येतो, कारण पकडीची शैली वर्षानुवर्षे फारशी बदलत नाही, नवा चढाईपटू मात्र प्रतिस्पर्ध्यांनी अजून अभ्यासलेला नसतो, आणि तो सरळ हिशेबाबाहेरून येतो. त्या बरोबरीने पुढचेही काही सांगितले नाही, कारण त्या हंगामात मुंबई बाद फेरीत पोहोचली आणि पुणे पोहोचले नाही.

गावच्या प्रेक्षकाच्या चुकीचे आणखी एक मूळ मातीत आहे. मातीवर अनवाणी खेळताना पाय घसरतो, झेप घेणाऱ्याचे कोपर सोलवटते आणि म्हणून बचावपटू शक्यतो उभ्याने पकडतो. मॅटवर बूट घालून खेळताना चढाईपटूला जागच्या जागी थांबता आणि वळता येते, तर बचावपटू बिनधास्त आडवा होऊन घोटा धरतो. मातीवरचा अनुभव मॅटवरच्या वेगाला कमी लेखतो, आणि पकडीच्या कसबाबद्दल अचूक असलेला माणूस चढाईच्या गतीबद्दल चुकतो. जिल्ह्यातील स्पर्धाही आता मॅटवर होऊ लागल्या असल्याने आज शाळेत खेळणारी मुले-मुली उद्या प्रेक्षक होतील तेव्हा हा फरक त्यांना वेगळा शिकवावा लागणार नाही. मुलींचा उल्लेख येथे ओघाने आलेला नाही. महिलांचे मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी आखूड असते. त्यामुळे कोपऱ्यापासून कव्हरपर्यंतचे अंतर कमी होते, साखळी, म्हणजे हातात हात गुंफून उभा राहणारा बचाव, अधिक घट्ट बांधता येते, आणि पुरुषांच्या सामन्यांवरून घडलेले बरेच आडाखे तेथे लागू पडत नाहीत. महिलांच्या सामन्याआधी कर्जतच्या नाक्यावर जोड्या लावण्याचा असा वाद अजून फारसा रंगत नाही. तो रंगावा एवढे कसब त्या मैदानावर निश्चित आहे, आणि त्यासाठी प्रेक्षकाला कोपरा व कव्हर यांचा हिशेब त्या मापाने पुन्हा मांडावा लागेल.