वाळलेली बाग चालेल का?

मी बागा आखते. बरीच वर्षं येणारा प्रत्येकजण एकच मागायचा: बारा महिने हिरवंगार लॉन. मीही करून द्यायचे. त्याला पाणी कुठून येणार, हे विचारत नव्हते.

मग जोधपूरला मेहरानगड किल्ल्याशेजारचं राव जोधा डेझर्ट रॉक पार्क पाहिलं. तिथल्या 70 हेक्टर खडकाळ जमिनीवर विलायती बाभूळ माजली होती. हिरवी खरी, पण स्थानिक झाडांना जागाच न ठेवणारी. 2006 मध्ये प्रदीप क्रिशेन यांनी काम हाती घेतलं. खंडवालिया पाथरवटांनी छिन्नीने खडक फोडून तिची मुळं काढली. त्याच खड्ड्यांत वाळवंटातलीच झाडं लावली.

मी गेले मे महिन्यात. सगळं तपकिरी. मनात आलं, यात बघायचं काय? पावसाळ्यात पुन्हा गेले, तर काटेरी थोरालाही पानं फुटली होती.

आता नकाशाआधी मी विचारते, "चार महिने बाग वाळलेली दिसली, तर चालेल?" काहीजण उठून जातात. काम हातचं जातं. जे थांबतात, त्यांच्या गवताला बी धरतं, मुनिया येतात. मग बाग देखणी आहे, हे मला पटवून द्यावं लागत नाही.