करवतकाठीचा काठ आणि विणकराची मजुरी
(मरोळ येथील कामगारांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मरोळच्या औद्योगिक वसाहतीत कपडे शिवणाऱ्यांपुढे विदर्भातील हातमागाविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटले असेल. परंतु येथे नगावर शिलाई मिळते, आणि भंडारा जिल्ह्यातील मोहाडी, आंधळगाव येथे नगावर विणाई मिळते. म्हणून हा विषय परका नाही.

करवतकाठी साडीचा काठ जवळून पाहा. काठ आणि अंग जेथे मिळतात, तेथे करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते. ती छापलेली नसते, वरून भरलेलीही नसते. विणताना तीन धोटे लागतात: दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. काठाचा बाणा आणि अंगाचा बाणा एकमेकांत अडकवावा लागतो, आणि अडकवण्याची जागा दात्याच्या उतारानुसार सरकवीत न्यावी लागते. यंत्रमागाचा धोटा या कडेपासून त्या कडेपर्यंत धावतो. त्यामुळे नकली साडीत अंगाच्या बाण्याची छटा काठावर चढते. हातमागाचा काठ निर्भेळ रंगाचा राहतो.

ज्या टसर रेशमाची ही साडी, ते जंगलातून येते. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवर समाजाची कुटुंबे किडे पाळतात, पाखरांपासून त्यांची राखण करतात. कोष उकळून धागा काढण्याचे काम पुष्कळसे स्त्रियांचे. कोष्ट्याच्या मागावर धागा पोहोचण्यापूर्वीच एवढे श्रम त्यात पडलेले असतात.

१८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि साध्या कापडाची बाजारपेठ हातमागाच्या हातून जाऊ लागली. गिरणीला जे जमले नाही तेच टिकले, असे मला दिसते. पुढे १९८५ च्या कायद्याने २२ प्रकारचे कापड हातमागासाठी राखून ठेवले. नंतर ती यादी ११ वर आली. २०२० साली अखिल भारतीय हातमाग मंडळच बरखास्त झाले. चौथ्या हातमाग गणनेनुसार (२०१९-२०) विणकर व पूरक कामगार मिळून सुमारे ३५ लाख आहेत, आणि त्यांच्यापैकी सुमारे दोन-तृतीयांश कुटुंबांचे मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांच्या आत आहे.

करवतकाठीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, हे चांगलेच झाले. पण त्याने नाव राखले जाते, मजुरी राखली जात नाही. व्यापाऱ्याकडून रेशीम घेऊन नगावर विणणारा माणूस कागदोपत्री स्वतंत्र कारागीर ठरतो आणि किमान वेतनाचा प्रश्न तेथेच मिटवला जातो. दात्याचा उतार मनात ठेवणारी बुद्धी ही ‘परंपरा’ म्हणून गौरवायची आणि तिला लागणारे दिवस मात्र मोजायचे नाहीत, हा अर्थशास्त्रातला कोणता न्याय? मी स्वतः तीस वर्षे मूल्यसिद्धांत शिकवला. पण पत्नीची करवतकाठी किती दिवसांत विणली गेली, हे कधी विचारले नाही. त्याची आज लाज वाटते.

माझी मागणी साधी आहे. सरकारी अनुदानाने भरणाऱ्या प्रदर्शनांत प्रत्येक साडीच्या किमतीच्या चिठ्ठीवर मागाचे दिवस आणि प्रत्यक्ष दिलेली विणाई लिहिली जावी, आणि ती दिवसाच्या किमान वेतनाशी ताडून पाहिली जावी. गेल्या वर्षी एका प्रदर्शनात मी हे विचारून पाहिले. विक्रेत्याने साडीचा दर सांगितला, रेशमाची प्रत सांगितली, मानांकनाचा कागदही दाखवला. विणाईचा आकडा त्याला ठाऊक नव्हता.