कढईतली अल्डिहाइडं आणि अमिनो आम्लं



ऐन सोयाबीनच्या हंगामात आपण संशोधक देशभरातून लातूरला आलात. बाजार समितीकडे निघालेल्या गाड्यांमुळे काहींचा खोळंबा झाला असेल, त्याबद्दल स्वागत समितीच्या वतीने दिलगीर आहे. 

मी तेलाच्या धंद्यातला माणूस. अल्डिहाइडं आणि अमिनो आम्लं हा परिषदेचा विषय ऐकून जरा सावधच झालो, कारण ही गोष्ट आमच्याच मालापासून सुरू होते. सोयाबीन तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेइक आम्ल असतं. तेल तापत राहिलं, हवा लागत राहिली, की अ‍ॅक्रोलिन, हायड्रॉक्सीनोनेनाल, मॅलोनडायल्डिहाइड अशी अल्डिहाइडांची पिलावळ निघते. भजी तळणाऱ्याचे डोळे चुरचुरतात त्यात अ‍ॅक्रोलिनचा हात असतो. पेशीतल्या प्रथिनांना आणि डीएनएला जाऊन चिकटायचं, ही या रेणूंची खोड.

अमिनो आम्लं त्यांना वाटेतच गाठतात. सिस्टीनमध्ये गंधकाचा थायॉल गट असतो. अ‍ॅक्रोलिनच्या दुहेरी बंधावर तो झडप घालतो. लायसीनचा अमिनो गट आणि हिस्टिडीनचं वलयही हे काम करतं, पण सिस्टीनची चपळाई त्यांना नाही. असा बांधला गेलेला अल्डिहाइड पेशीला त्रास द्यायला पूर्वीसारखा मोकळा राहत नाही.

तरी हुरळून जाण्यात अर्थ नाही. 2002 साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी तळलेल्या बटाट्यात अ‍ॅक्रिलामाइड दाखवलं, ते नकोसं रसायन बनतं अस्पॅराजीन या अमिनो आम्लापासूनच! शिवाय अल्डिहाइडला चिकटलेलं लायसीन पोषणाच्या हिशेबातून गेलं. ज्वारीच्या भाकरीत ते मुळातच कमी. आमची तूरडाळ ती उणीव भरून काढते.

तळणाच्या तेलात ध्रुवीय घटक 25 टक्क्यांपुढे गेले की ते वापरायचं नाही, हा नियम 2018 पासून आहे. अमिनो आम्ल टाकलं की काळं तेल आणखी चार दिवस चालवता येईल, असा सोयीचा अर्थ आमच्यातला कुणी काढेल. त्याला तो काढू देऊ नका. (दुपारच्या जेवणातलं तळण ताज्या तेलातलं आहे, मी स्वतः पाहिलंय.)

प्रयोगशाळेतल्या पेशींवर दिसलेला अमिनो आम्लांचा हा गुण पोटात किती टिकतो, कोणतं अमिनो आम्ल, किती, पिठात घालायचं की कसं, यावर इथे खुशाल भांडा. फक्त निघेल तो निष्कर्ष मराठीत एका पानावर लिहून द्या. लातूरच्या गंजगोलाई बाजारपेठेतल्या प्रत्येक भजीवाल्यापर्यंत तो पोचवण्याचं काम आमची स्वागत समिती करील.